चेहऱ्यावरील लालसरपणाविषयीचे मराठी सल्लालेखन : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

वृत्तपत्रांच्या पुरवण्या, स्त्रियांची नियतकालिके, दिवाळी अंकांतील आरोग्यविभाग आणि बसस्थानकावर मिळणाऱ्या सौंदर्यविषयक पुस्तिका यांतून मराठीत एक लेखनप्रकार चांगलाच स्थिरावला आहे. सोयीसाठी त्याला 'सल्लालेखन' असे म्हणता येईल. वाङ्मयसमीक्षा या लेखनाकडे फिरकत नाही आणि वैद्यकशाखा त्याला शास्त्र मानत नाही. त्यामुळे मोठा वाचकवर्ग असूनही त्याची चिकित्सा जवळजवळ झालेली नाही. वस्तुतः वाचकाच्या दैनंदिन वर्तनावर इतका थेट परिणाम करणारे गद्य दुसरे नसावे. कादंबरी वाचून कोणी आपले तोंड कशाने धुवावे हे ठरवीत नाही. हे लेखन वाचून ठरवितो.

स्त्रियांसाठीच्या मराठी नियतकालिकांची परंपरा जुनी आहे. 'स्त्री' हे मासिक १९३० साली सुरू झाले. स्त्रीच्या शरीराविषयी, आरोग्याविषयी उघडपणे लिहिण्या-बोलण्याची जी सवय मराठी वाचकाला लागली, तीत या नियतकालिकांचा वाटा आहे आणि सल्लालेखनाचे हे ऋण मान्य केले पाहिजे. प्रस्तुत लेखात या लेखनाचा एकच विषय घेतला आहे : चेहऱ्यावरील त्वचेचा लालसरपणा आणि तो कमी करण्याचे उपाय. विषय वरवर किरकोळ वाटतो. परंतु चेहरा हा माणसाचा समाजाला दिसणारा भाग असल्याने तेथील विकाराबाबत धीर सर्वांत लवकर सुटतो आणि चुकीच्या उपायांना सर्वाधिक वाव मिळतो.

चिकित्सेची भूमी म्हणून वाशीम जिल्हा निवडण्यास कारण आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १२ लाख असून पाचांपैकी चार माणसे खेड्यात राहतात. सोयाबीन व तूर ही प्रमुख पिके. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर. २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे आले त्यांत वाशीम होता. हाच प्रदेश वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले प्राचीन वत्सगुल्म होय. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह याच नगरीत लावून दिला आहे. शब्द आणि अर्थ यांच्या मीलनाची कथा ज्या गावाशी जोडलेली आहे, त्या गावच्या वाचकापुढे 'लालसरपणा' हा शब्द कोणता अर्थ घेऊन येतो, हे पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

शब्दाचा प्रश्न

मराठीत 'लाली' हा शब्द दोष सांगत नाही. गालांवरची लाली ही आरोग्याची, तारुण्याची, लाजेची खूण. संस्कृतप्रचुर मराठीत तिलाच 'आरक्त' म्हणतात. राग आला की तोंड लालबुंद होते, भीतीने पांढरेफटक पडते, उन्हाने रापते, काळजीने काळवंडते. चेहऱ्याच्या रंगाविषयी मराठी माणूस बोलतो तेव्हा बहुधा त्या माणसाच्या मनःस्थितीविषयी किंवा कष्टांविषयी बोलत असतो. 'लालसरपणा' हा भाववाचक शब्द मात्र सल्लालेखनात इंग्रजी मजकुराच्या भाषांतरातून आला आणि एका विशिष्ट त्वचेचे गृहीतक घेऊन आला. पांढऱ्या कातडीवर जी गोष्ट प्रथम डोळ्यांत भरते, तिला विकाराचे मुख्य लक्षण मानणे हे ते गृहीतक होय.

त्वचेखालील सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावल्या की रक्ताचा रंग वर दिसतो, ही प्रक्रिया सर्व माणसांत सारखीच. परंतु सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत मेलॅनिन या रंगद्रव्याचा पडदा मध्ये असतो. म्हणून तोच दाह तिथे तपकिरी, जांभळट किंवा नुसता काळसर दिसतो. कित्येकदा रंगात काही फरक न दिसता फक्त उष्णता, सूज आणि आग जाणवते. दाह ओसरल्यावर उरतात ते काळे डाग. रुग्ण दवाखान्यात येतो तो या डागांची तक्रार घेऊन, मुळातल्या दाहाची नव्हे. हा प्रश्न केवळ मराठी सदरांचा नाही. त्वचेचे प्रकार ठरविणारी जी मोजपट्टी थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली मांडली, तीत आरंभी गोऱ्या त्वचेचेच चार प्रकार होते. पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडला गेला. लंडनच्या सेंट जॉर्जेस विद्यापीठातील मलोन मुकवेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याला २०२० मध्ये आपल्या प्राध्यापकांसह 'माइंड द गॅप' ही पुस्तिका सिद्ध करावी लागली, ती काळ्या व तपकिरी त्वचेवर रोगलक्षणे कशी दिसतात हे पाठ्यपुस्तके पुरेसे दाखवीत नव्हती म्हणूनच. चेहऱ्याच्या मध्यभागी वारंवार येणारी व पुढे कायम राहणारी लाली, त्यावर पुळ्या, अशा स्वरूपाचा 'रोझेशिया' हा विकार भारतीयांत होत नाही असे दीर्घकाळ समजले जात होते. तो होतो, ओळखला कमी जातो.

या दृष्टीने प्राचीन वैद्यकाची परिभाषा पाहण्यासारखी आहे. सुश्रुताने निदानस्थानात क्षुद्ररोगांचा जो अध्याय दिला आहे, त्यात ४४ रोगांची गणना असून चेहऱ्याचे न्यच्छ, व्यंग, मुखदूषिका असे निरनिराळे विकार स्वतंत्र नावांनी येतात. यांपैकी व्यंगाचे वर्णन करताना तो वेदना नसलेले, पातळ, श्याव वर्णाचे मंडल असे म्हणतो आणि कारणांत क्रोधाबरोबर आयास म्हणजे श्रम सांगतो. मराठीतील 'वांग' या शब्दाचे नाते याच व्यंगाशी आहे. त्रिदोषांची उपपत्ती आज स्वीकारावी असा याचा अर्थ नाही. मुद्दा निरीक्षणाचा आहे. डाग दुखतो की नाही, जाड आहे की पातळ, श्याव आहे की अन्य रंगाचा, अशा प्रश्नांतून तेथे नाव ठरते. आजचे सल्लालेखन या सर्वांना 'लालसरपणा व डाग' अशा एका शीर्षकाखाली लोटते आणि उपायांची एकच यादी देते. हे परिभाषेचे दारिद्र्य म्हणावे लागेल.

मराठीत संवेदना सांगणाऱ्या शब्दांची मुळीच उणीव नाही. चेहरा चुणचुणतो, चरचरतो, भगभगतो, हुळहुळतो, खाजतो, तडतडतो, रसरसतो. यांतला प्रत्येक शब्द वेगळी गोष्ट सांगतो. केवळ खाजणाऱ्या चेहऱ्यामागे बहुधा ॲलर्जीचा दाह असतो. खाज फारशी नसून गरम वाफ आल्यासारखे भगभगत असेल तर रोझेशिया किंवा स्टेरॉइडने बिघडलेल्या त्वचेची शंका घ्यावी लागते. स्पर्श केला तरी ठणकते आणि सोबत ताप आहे, तर जंतुसंसर्ग समजून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. सावळ्या त्वचेच्या समाजात निदानाचे पहिले साधन डोळा नसून रुग्णाचा शब्द आहे. असे असताना मराठी सल्लालेखन आपल्याच भाषेतील हे क्रियापदांचे भांडार बाजूला ठेवून 'रेडनेस' आणि 'इरिटेशन' यांवर भागविते, ही बाब खेदजनक आहे.

शेतातील चेहरा

सल्लालेखनातील चेहरा कोणाचा असतो? तो कार्यालयात जातो, वातानुकूलित खोलीत बसतो, प्रवासात क्रीम विसरतो. लालीला चिथावणी देणाऱ्या गोष्टींत त्याला बोचरी थंडी, गरम पाण्याचा शॉवर आणि कधी रेड वाइनही सांगितली जाते. मानोरा किंवा रिसोड तालुक्यात निंदणीला जाणाऱ्या बाईच्या चेहऱ्याला यांपैकी काहीही लागू पडत नाही. तिला लागू पडते ती गोष्ट या लेखनात क्वचितच आढळते : गाजरगवत.

गाजरगवत, काँग्रेस गवत, चटकचांदणी अशा नावांनी ओळखली जाणारी ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. भारतात तिची ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातून झाली. आयात धान्याबरोबर ती आली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पुढच्या वीस वर्षांत ती दख्खनभर पसरली आणि त्याबरोबर चेहरा, मान व हात सुजून लाल-काळे झालेले शेतकरी त्वचारोगतज्ज्ञांकडे येऊ लागले. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅलनन या सहकाऱ्यांसमवेत १९७४ साली या विकाराचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. म्हणजे चेहऱ्याच्या लालसरपणाचे एक अस्सल महाराष्ट्रीय प्रकरण वैद्यकाच्या जागतिक वाङ्मयात अर्धशतकापूर्वीच नोंदले गेले आहे. मराठी सौंदर्यसल्ल्याला त्याची खबर नाही. असल्यास ती कृषिविषयक पानावर, तणनाशकांच्या चर्चेत आहे. पानांची ही वाटणीच बोलकी आहे : तण शेतकऱ्याचे आणि चेहरा गृहिणीचा. वाशीमसारख्या जिल्ह्यात शेतकरी आणि गृहिणी ही बहुधा एकच व्यक्ती असते, हे संपादनाच्या या चौकटीत बसत नाही.

विकाराची घडण समजून घेतली तर हे मौन किती महाग पडते ते कळते. या वनस्पतीच्या केसाळ पृष्ठभागावर पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. वाळलेल्या झाडाचा भुगा, परागकण आणि धूळ यांबरोबर ते हवेतून चेहऱ्यावर बसते. काहींच्या शरीरात त्याविषयी ॲलर्जी निर्माण होते, तीही अनेक वर्षांच्या संपर्कानंतर. त्यामुळे 'इतकी वर्षे याच शेतात काम केले, तेव्हा काही झाले नाही' हा रुग्णाचा युक्तिवाद प्रामाणिक असूनही फसवा असतो. आरंभी पापण्या सुजतात. मग चेहरा, गळा, कोपराच्या घड्या. पावसाळ्यात गवत माजले की त्रास वाढतो, नंतर उतरतो, पुढल्या वर्षी पुन्हा येतो आणि काही वर्षांनी बारमाही होतो. त्वचा जाड, खरखरीत, सुरकुतलेली होते. काही रुग्णांत पुढे सूर्यप्रकाशही सोसेनासा होतो. या अवस्थेतील चेहरा पाहून कुष्ठरोगाची शंका घेतली जाते आणि माणूस गावात वाळीत पडल्यासारखा होतो.

निव्वळ उन्हाने होणारा दाह आणि हवेतून येणाऱ्या द्रव्याने होणारा दाह यांत फरक करण्याची एक साधी खूण आहे आणि ती कोणत्याही सदरात दोन ओळींत सांगता येण्यासारखी आहे. ऊन वरून पडते. म्हणून उन्हाच्या दाहात वरच्या पापणीचा खोलगट भाग, कानामागची जागा, हनुवटीखालचा भाग सहसा सुटतो. धूळ मात्र सगळीकडे शिरते. नेमके हेच भाग सुजलेले असतील तर हवेतील कारण शोधावे. पुढची खात्री त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्टने करतात. उपचारांत दाह शमविणारी औषधे आणि दीर्घकालीन रुग्णांत ॲझाथायोप्रिनसारखी गोळी, रक्ततपासण्यांच्या देखरेखीखाली, वापरली जाते. परंतु संपर्क टळल्याखेरीज औषध अपुरे पडते. शेतातून परतल्यावर साध्या पाण्याने तोंड-हात धुणे, कपडे त्याच वेळी बदलणे, तोंडावर बांधलेला दुपट्टा किंवा ओढणी रोज धुणे (न धुतलेला दुपट्टा म्हणजे धूळ चेहऱ्याशी बांधून ठेवणे), ज्याला त्रास आहे त्याने स्वतः गवत न उपटणे, हे उपाय बिनखर्चाचे आहेत. फुलोऱ्यापूर्वी गवत काढणे आणि मेक्सिकन भुंगे सोडणे हे गावाने करण्याचे काम. हे भुंगे भारतात १९८० च्या दशकात आणले गेले. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या वतीने दरवर्षी ऑगस्टमध्ये गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. महाविद्यालयांत तो राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांकडून गवत उपटून साजरा होतो, आणि ते उपटताना हातमोजे असतात की नसतात याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

ट्यूब आणि डबी

सल्लालेखनावरील सर्वांत गंभीर आक्षेप त्याने जे लिहिले त्याबद्दल नाही. जे लिहिले नाही त्याबद्दल आहे. खेड्यात चेहरा लाल झाला, पुळ्या आल्या किंवा रंग उतरला की माणूस कोरफड शोधत नाही. तो औषधाच्या दुकानात जातो आणि 'तोंडाला लावायची ट्यूब' मागतो. ही ट्यूब पुष्कळदा बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशा एखाद्या स्टेरॉइडची असते; कधी तीत हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन मिसळलेले असते, कधी बुरशी आणि जंतू यांवरील औषधे.

त्वचेवर लावायचे स्टेरॉइड १९५२ साली वैद्यकात आले आणि योग्य जागी, योग्य काळ वापरल्यास ते अत्यंत उपयुक्त औषध आहे, हे प्रथम नमूद केले पाहिजे. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकुंचित करते. १९६२ साली मॅकेन्झी आणि स्टाउटन यांनी या औषधांची ताकद मोजण्याची जी पद्धत दिली, ती औषध लावल्यावर त्वचा किती पांढुरकी पडते यावरच आधारलेली आहे. म्हणजे लाली घालविणे आणि चेहरा उजळ दाखविणे हा या औषधाचा तत्काळ दिसणारा गुण होय. आणि गोरेपणाच्या ओढीने ग्रासलेल्या समाजात तोच त्याचा घात आहे. तीन-चार दिवसांत चेहरा नितळ होतो. वापरणारी मुलगी समाधानी होते, मैत्रिणीला नाव सांगते. काही आठवड्यांत त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या कायमच्या रुंदावतात, पुळ्या आणि बारीक केस येतात, ऊन सोसत नाही. औषध थांबविले की चेहरा पूर्वीपेक्षा अधिक लाल होऊन भगभगतो. मग तीच ट्यूब पुन्हा लावली जाते, कारण तिने एकदा बरे वाटले होते. रोगाला उपाय समजण्याचे हे चक्र कित्येक वर्षे चालू शकते.

हा अंदाज नव्हे. देशातील १२ केंद्रांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांपैकी ४३३ जण, म्हणजे सुमारे १५ टक्के, चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. निम्म्याहून अधिकांना ते डॉक्टरांनी सांगितलेलेच नव्हते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर केंद्र शासनाने मार्च २०१८ च्या अधिसूचनेने अशी १४ औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा गटात आणली. नियम झाला. परंतु ट्यूबवरील घटकांची नावे आणि इशारा इंग्रजीत, बारीक अक्षरांत असतो; आणि ते वाचण्याची गरज आहे हे मराठी वाचकाला सांगण्याचे काम ज्या लेखनाने करायचे ते काकडीच्या चकत्यांमध्ये गुंतलेले असते. 'सोन' किंवा 'सोल' असा शेवट असलेले नाव घटकांत दिसले तर विचारल्याशिवाय ती ट्यूब तोंडाला लावू नये, ही ढोबळ खूण देखील पुष्कळ नुकसान टाळील. ती शंभर टक्के अचूक नाही. बुरशीवरील काही औषधांची नावेही तशीच संपतात. विचारण्यास प्रवृत्त करणे एवढेच तिचे प्रयोजन. जी व्यक्ती अनेक महिने असे औषध लावीत आहे तिने ते एकाएकी बंद करून घरी त्रास काढण्यापेक्षा तज्ज्ञाकडे जाणे इष्ट. लाली उतरण्यास अनेक महिने लागतात आणि मधल्या काळात ती वाढते, हे आधी सांगितलेले असेल तरच रुग्ण टिकून राहतो.

ट्यूबपेक्षा अधिक भयावह आहे ती डबी, जिच्यावर घटकांची यादीच नसते. २०२३ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार अकोल्यातील एका कुटुंबातील तीन महिलांना त्वचा उजळविणाऱ्या क्रीमच्या वापरानंतर मूत्रपिंडाचा विकार जडला आणि मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात झालेल्या तपासात त्या क्रीममध्ये पारा आढळला. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातूनही त्याच वर्षी अशाच रुग्णांची नोंद झाली. पारा रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून चेहरा उजळतो. त्वचेतून रक्तात उतरतो, म्हणून मूत्रपिंड बिघडते. भारतातील २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये अनवधानाने राहिलेला पारा दशलक्ष भागांत एक भागापेक्षा अधिक चालत नाही. वाशीम १९९८ पर्यंत अकोल्याचाच भाग होता. बाजारहाट, दवाखाने आणि लग्नाचा बस्ता यांसाठी तो आजही बराचसा अकोल्याशी बांधलेला आहे. ही घटना परक्या मुलखातली नाही.

येथे सल्लालेखनाची नैतिक अडचण उघड होते. लालसरपणा घालविण्याच्या मजकुराखाली 'नितळ, उजळ कांती' हे फळ सांगितलेले असते. दाह शमणे आणि रंग गोरा होणे या दोन भिन्न गोष्टी एकाच वाक्यात नांदतात. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द २०२० मध्ये गेला आणि त्याजागी 'ग्लो' आला. त्याच वर्षी आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या १९५४ च्या कायद्यात दुरुस्ती करण्याच्या मसुद्यात गोरेपणाच्या दाव्यांचाही अंतर्भाव प्रस्तावित झाला होता. मराठी सदरांतही 'गोरेपणा' जाऊन 'तेज' आणि 'उजळपणा' आला आहे. शब्द बदलल्याने लग्नाच्या बाजारातील अट बदलत नाही. ज्या मुलीला 'पाहायला' येणार आहेत तिच्या घरी ट्यूब येते ती दाहासाठी नव्हे. तिला केवळ अज्ञानी ठरवून मोकळे होणारी टीका अपुरी आहे. ती तिच्या परिस्थितीत पुरेशा व्यवहारी बुद्धीनेच वागत असते, आणि म्हणूनच त्या व्यवहाराची पुढली किंमत तिला आधी सांगणे आवश्यक ठरते.

घरगुती उपाय

राहता राहिली स्वयंपाकघरातील यादी. तिच्यावर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. थंड पाण्याच्या स्वच्छ कापडाची घडी दाह झालेल्या चेहऱ्यावर ठेवणे निर्धोक आणि सुखद आहे. साधा, सुवासरहित मलम किंवा व्हॅसलीन कोरड्या त्वचेचे रक्षण करते. लिंबाचा रस मात्र दाहावर चोळून उन्हात गेल्यास त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. खाण्याचा सोडा आणि टूथपेस्ट त्वचेचे संरक्षक आवरण बिघडवितात. हळदीची आणि कुंकवातील रंगांची ॲलर्जी वैद्यकात नोंदलेली आहे. टिकलीच्या डिंकातील एका रसायनाने कपाळावर आधी खाज-लाली आणि मग पांढरा डाग येतो. पुरुषांत कपाळ व पापण्या अचानक सुजल्या तर आठवड्यात केसांना कलप लावला होता का, हे विचारावे. 'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' या समीकरणाला गाजरगवताएवढे बोलके उत्तर दुसरे नाही.

उन्हापासून रक्षणासाठी झिंक ऑक्साइड असलेले सनस्क्रीन उत्तम. परंतु पुरेशा जाडीने, दिवसातून दोन-तीनदा लावायचे तर त्याचा महिन्याचा खर्च शेतमजूर कुटुंबाला न झेपणारा असतो. विदर्भातील तरुणी दुचाकीवर जाताना डोळे तेवढे उघडे ठेवून जो सुती स्कार्फ बांधतात, त्याची शहरी विनोदात थट्टा होते. तो स्कार्फ, दुपट्टा किंवा रुंद काठाची टोपी हाच येथील खरा उन्हाळी उपाय आहे आणि सल्लालेखनाने त्याला मानाचे स्थान द्यायला हवे.

न सांगितलेली निदाने

चेहऱ्याच्या लालीमागे कधी त्वचेबाहेरचा आजार असतो. गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर पसरलेली, पण नाकाच्या कडेच्या घड्या सोडणारी लाली, सोबत सांधेदुखी, ताप, केसगळती, तोंडात व्रण, हे तरुण स्त्रीत दिसले तर ल्युपसची तपासणी करावी लागते. निव्वळ ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनच्या गरीब कुटुंबांत चेहरा, गळा व हातांवर उन्हाने येणारा लाल-काळा पट्टा म्हणजे पेलाग्रा असू शकतो, याचा अभ्यास हैदराबाद येथे डॉ. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडला. वाशीमच्या शिवारात आता सोयाबीन आले असले, तरी मद्यासक्त आणि कुपोषित रुग्णांत हे निदान मनात ठेवावे लागते.

सर्वांत अधिक संकोच आहे तो कुष्ठरोगाविषयी. विदर्भाला या रोगाचा इतिहास आहे आणि सेवेचाही : वर्ध्याजवळील दत्तपूर, अमरावतीचे तपोवन, वरोऱ्याचे आनंदवन. तरीही 'सौंदर्य' या शीर्षकाच्या पानावर हा शब्द छापणे संपादकांना अशुभ वाटत असावे. चेहऱ्यावर फिकट किंवा तांबूस चट्टा आहे, तो खाजत नाही, दुखत नाही, त्यावर घाम येत नाही आणि डोळे मिटून कापसाचा बोळा फिरविला तर स्पर्श कमी जाणवतो, अशा वेळी शंका घ्यावी. असा जुना चट्टा उपचारांच्या आधी, चालू असताना किंवा नंतरही अचानक लाल होऊन सुजला तर ती 'रिॲक्शन' असते. चट्टा डोळ्याजवळ असल्यास चेहऱ्याची नस दुखावून पापणी मिटेनाशी होते आणि उशीर झाल्यास दृष्टी धोक्यात येते. येथे स्टेरॉइडच्या गोळ्या वेळेवर द्याव्या लागतात. म्हणजे वर ज्या औषधाच्या दुरुपयोगाची चर्चा केली तेच औषध, डॉक्टरांच्या हातून, येथे डोळा वाचविते. वाशीम येथे २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. कुष्ठरोगाची तपासणी व बहुविध औषधोपचार तर गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही विनामूल्य मिळतात. सौंदर्यसदराच्या तळाशी एवढी माहिती देण्यास दोन ओळींची जागा लागते.